वीतभर उघडं दार

जोतीरामची व्हॅन विकत मागायला उद्या सकाळी जायचं म्हणता? जा की. माझी काही ना नाही. श्रीमंतला गाडी चालवता येते, बश्याला गिऱ्हाईक पटवता येतं, दोघा भावांनी मिळून धंदा केला तर मला आनंदच आहे. गाडीही टकाटक आहे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, बाकी दिवसभर आपल्या बोळाच्या तोंडाला नुसती उभी असते. पण मला मध्ये घालू नका. मामा, तुमचा शब्द तो मोडणार नाही, असं म्हणत मला भल्या सकाळी उठवू नका. तो गाडी विकणार नाही. भंगाराच्या भावात नाही आणि सोन्याच्या भावातही नाही.

आणि बश्या, त्याची नक्कल करायचं बंद कर. रोज रात्री गाडी लावली की तो मागच्या दाराशी उभा राहून म्हणतो, "आबा, घर आलं, उतरा." आणि तुम्ही दोघं ह्या गच्चीवरून ओरडता, "उतरतो रं बाबा." पिऊन येतो असं वाटतं ना तुम्हाला? त्या माणसानं दारूला कधी हात लावलेला नाही. आज ओरडलास तर जिन्यावरून खाली ढकलीन, मग बहीण काय म्हणायची ती म्हणू दे.

तो मोबाईल बंद करा आधी. लाईट गेलीय तर गेलीय, वैशाखात सोलापूरला दुसरं काय होतं? गादी इकडं ओढा. ही गोष्ट मला जोतीरामनं स्वतः सांगितलीय, आणि त्यातली अर्धी मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

जोतीराम मूळचा वैरागकडचा. शेतकऱ्याचं पोर. रान थोडं, भाऊ दोन, म्हणून थोरला रामहरी टेंभुर्णीला गेला, हायवेला त्यानं चहा-नाष्ट्याचं हॉटेल टाकलं. धाकटा हा, इथं शुक्रवार पेठेत आला. ह्याची बायको रेश्मा कडक भाकरी करते, आणि शेंगाचटणी. तुम्ही खाता की रोज. त्या वेळी जोतीराम त्या भाकरी मोटारसायकलवर बांधून दुकानादुकानांत पोचवायचा. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. दुकान येईपर्यंत निम्म्या भाकरींचा चुरा. दुकानदार म्हणायचे, हा चिवडा आम्ही मागितला नव्हता. म्हणून त्याला व्हॅन पाहिजे होती. नवी परवडत नव्हती, तेव्हा जुनी.

दुसरं कारण होतं त्याचा बाप. सयाजीआबा. आई रंभाबाई आधीच गेलेली. आबाची पाळी लावलेली होती. संक्रांतीपासून आषाढापर्यंत इकडं, आषाढापासून संक्रांतीपर्यंत तिकडं. म्हाताऱ्याकडं एक पत्र्याची पेटी होती, तिच्यातलं सामान तो कधी बाहेर काढायचाच नाही. एक धोतर काढायचा, एक आत ठेवायचा. मी एकदा विचारलं, आबा, फळीवर लावा की कपडे. म्हणाला, "कशाला? परत भरायचंच हाय की." त्याचा डावा गुडघा फार वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडून गेला होता, वाकायचाच नाही. खाली बसला तरी पाय काठीसारखा समोर.

तेव्हा माझं सीटकव्हरचं दुकान चालू होतं. जोतीराम संध्याकाळी येऊन बसायचा. एकदा म्हणाला, "मामा, गाडी झाली की आबाला कायमचा आणतो बघा. पेटी रिकामी करून तिच्यात शेंगा भरायच्या. पाळी-बिळी बास." हे त्यानं आबाला फोनवर पण सांगितलं. झालं. म्हातारा रोज फोन करायचा. कसा हायस नाही, पोरं कशी हायती नाही. एकच प्रश्न. "गाडी झाली का रं?"

तर अशी ही गाडी घ्यायची होती.

अक्कलकोट रस्त्याला आत एका गावात पडून असलेली व्हॅन आहे, असं कुणीतरी सांगितलं. सीट बघायला म्हणून जोतीराम मला बरोबर घेऊन गेला. घर आपल्याच लोकांचं, लिंगायताचं. एका घराची दोन केलेली. अंगणात मधोमध विटांची भिंत, आणि भिंतीच्या तोंडाशी ती व्हॅन. अर्धी ह्या अंगणात, अर्धी त्या. चारी चाकं बसलेली. आत कोंबड्या. छतावर चिंचेचा पाला इतका साचलेला की खालचा रंग कुठला ते कळेना. भिंतीच्या अलीकडून थोरला आला, शरणबसव. पलीकडून धाकटा आला, सिद्धप्पा. दोघं एकमेकांकडं बघेनात, पण गाडी न्या म्हणायला दोघंही घाईला आलेले. घासाघीस नाही, काही नाही. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती असं म्हणाल, तर आली होती. मी जोतीरामच्या पायावर पाय दिला. त्याला वाटलं स्वस्त मिळतेय म्हणून खुणावतोय.

मी मागचं दार सरकवलं आणि सीट बघितली. उजव्या अंगाला, पाठीला छातीच्या उंचीवर, धोतराची एक पट्टी गुंडाळलेली. गाठ तशीच होती. सोडलेली नव्हती. पट्टी पुढून कापली होती.

तुम्हाला सांगायला नको. जोतीरामला मात्र सांगावं लागलं. आमच्यात माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. बसवूनच नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. दवाखान्यातून लांबचा प्रवास असला की गाडीतच बसवायचं आणि पडू नये म्हणून असं बांधायचं.

"म्हणजे हितं..." जोतीराम म्हणाला.

"व्हय, हितंच," असं कोणीतरी मागून म्हणालं. बघतो तर एक म्हातारी. निंगव्वा. त्या दोघांची आई. पोरं आपापल्या घरात कागद आणायला गेली होती, तेवढ्यात ती आली आणि गाडीच्या पत्र्याला हात लावून उभी राहिली.

तिनं जे सांगितलं ते असं. तिचा नवरा, पोरांचा अप्पा, सोलापूरच्या दवाखान्यात वारला. पोरांनी त्याला ह्या सीटवर बसवून घरी आणलं. दिवेलागणीला गाडी अंगणात आली. आणि तिथं भांडण सुरू झालं. समाधी कुणाच्या रानात? ज्याच्या रानात समाधी, त्याला ती जागा ना नांगरता येते ना विकता येते. बाजूनं मोठा रस्ता जाणार अशी हूल उठलेली. थोरला म्हणाला तुझ्यात, धाकटा म्हणाला तुझ्यात. बाप गाडीत बसलेला. रात्रभर. सकाळी गावानं मध्ये पडून त्याला सगळ्यांच्या रुद्रभूमीत, गावच्या स्मशानात नेलं.

"अप्पा लई मानी," निंगव्वा म्हणाली. "बाजारातनं येऊ दे, जत्रंतनं येऊ दे, गाडी दारात आली तरी आपल्या आपण उतरायचा न्हाई. सुनंनं पायावर पाणी घालायचं. पोरानं म्हणायचं, मनी बंतु, इळीरी. घर आलं, उतरा. मग उतरायचा. त्या दिशी कुणी म्हनलंच न्हाई. गावानं पट्टी कापून नेलं ते वझं नेल्यागत नेलं. अप्पा हितंच हाय."

मी विचारलं, "अव्वा, मग तुम्ही का म्हटलं नाही?"

"मला भाईर येऊ दिलं न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर उतरवून न्यायचं कुटं? म्या पंधरा दिस हिकडं, पंधरा दिस तिकडं."

हे ऐकून माणूस गाडी तिथंच सोडून येईल की नाही? मी आलो असतो. पण जोतीरामच्या डोक्यात भाकरीचा चुरा होता, आणि कानात आबाचा फोन. गाडी आम्ही टेम्पोला बांधून सोलापुरात आणली.

ज्ञानू मिस्त्रीनं ती उघडली. उंदरांनी वायरी खाल्लेल्या, टाकीत गंज, खालचा पत्रा इतका सडलेला की बोट घातलं तर रस्ता दिसायचा. जोतीराम रोज जाऊन ज्ञानूच्या हाताखाली राबायचा. पत्रा कापला, नवा जोडला. इंजिन उतरवून धुतलं, परत चढवलं. घासून, खळग्यांत लांबी भरून पांढरा रंग मारला. मी सीटला नवा फोम घातला, मरून रंगाचं रेक्झिन चढवलं. सामानाला जागा व्हावी म्हणून मी म्हणत होतो, ही सीट काढूनच टाक. तो म्हणाला, "न्हाय मामा. आबा बसंल की तिच्यावर." आबासाठी ठेवली बघा त्यानं ती सीट. पट्टी मात्र मी माझ्या हातानं सोडवली आणि सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून आलो.

गाडी सुरू झाली आणि दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक, मागचं सरकतं दार. गाडी चालू असताना घट्ट बसायचं. पण जोतीराम कुठंही थांबला, इंजिन बंद केलं, की दार आपोआप सरकायचं. वीतभर. तेवढंच. आतल्या माणसानं बाहेर डोकावून वाट बघावी तेवढं. ज्ञानूनं कुलूप बदललं, रूळ बदलला, शेवटी वैतागून दाराला शिवी दिली. परत वीतभर.

दुसरी, माझी सीट. तीस वर्षं मी सीटा केल्या, पोरांनो. माझा फोम असा बसत नाही. पण सकाळी बघावं तर उजव्या बाजूला खळगा. मांडी घालून बसल्यावर पडतो तसा, रुंद. मी फोम बदलला. चार दिवसांनी पुन्हा तसाच. रात्री गाडीत कोण झोपतं का, म्हणून मी जोतीरामला विचारलं. तो हसला. पण हसून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

मी म्हटलं, गाडी घेऊन अक्कलकोट रस्त्याला त्या भावांच्या दारात जा. पोरांना म्हणावं एकदा हाक मारा. चार शब्दांचं काम. तो बिचारा गेला, मीही गेलो. शरणबसव म्हणाला, "मी उतरा म्हनलो तर अप्पा माझ्या अंगणात उतरला असं व्हतंय. धाकट्याला म्हणा." धाकट्याकडं गेलो. सिद्धप्पा म्हणाला, "थोरला असताना मी कसा म्हनू? रीत हाय की न्हाई?" रीत! बापाला रात्रभर गाडीत ठेवताना ह्याची रीत कुठं जेवायला गेली होती कोण जाणे. निंगव्वा खिडकीच्या गजाला धरून उभी होती. तोंडाला पदर. गाडीचं दार वीतभर उघडं. आम्ही परत फिरायला इंजिन सुरू केलं तेव्हा ते आपोआप बंद झालं. हळूच. कुणी खेकसल्यावर म्हातारं माणूस मान आत घेतं ना, तसं.

मला त्या दिवशी त्या भावांचा इतका राग आला होता, की परत येताना मी वाटेत जेवलोसुद्धा नाही. जोतीराम पण लई बोलला त्यांना. असली अवलाद, असली माणसं, म्हणाला. मी तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय. लक्षात ठेवा काय म्हणाला ते.

गाडी आली आणि धंदा वाढला. भाकरीचा चुरा व्हायचा थांबला. हॉटेलं लागली, ढाबे लागले. खोल्या दोनच, भाड्याच्या. एका खोलीत शेंगांची पोती, एकीत चूल, डबे, भाकरीचे ढीग आणि दोन बायका कामाला. आबाचा फोन यायचा. "गाडी झाली का रं?" जोतीराम म्हणायचा, "थोडं राहिलंय आबा. रंग राहिलाय." रंग कधीच वाळला होता. मी समोर बसलेलो असायचो. तो फोन ठेवायचा आणि म्हणायचा, "मामा, निजवायचं कुटं त्याला? सांगा."

खोटं नव्हतं ते. जागा खरंच नव्हती. जागा नसतेच, पोरांनो. कुणाकडंच नसते.

आता ती रात्र. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षाची भोगी. संक्रांतीची आदली रात्र. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरलेली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं निम्मे रस्ते बंद, थंडी अशी की माणसं कानाला मफलर बांधून फिरत होती. रामहरीनं दुपारी फोन केला. संक्रांत उद्या, तुझी पाळी उद्यापासून, आबा सकाळपासून पेटीवर बसलाय, घेऊन जा. जोतीरामला जत्रेची ऑर्डर होती. तरी गेला. टेंभुर्णीला पोचला तेव्हा म्हातारा खरंच हॉटेलाच्या बाहेर पेटीवर बसला होता. गाडी बघून उठला. पांढऱ्या पत्र्यावरून हात फिरवला.

"झाली की रं गाडी," म्हणाला.

जोतीरामनं त्याला पुढं बस म्हटलं. पुढं पाय ताठ ठेवायला जागा पुरेना. म्हणून मागं बसवलं. म्हातारा आत शिरला, सीटकडं बघितलं, आणि डाव्या कडेला सरकून बसला. जोतीराम म्हणाला, आबा, मधी बसा ऐसपैस. आबा म्हणाला, "असू दे. ह्यांना कशाला दाटी?"

जोतीरामला वाटलं, पिशव्यांना म्हणतोय.

मोडनिंब गेलं. आबा मागं बोलत होता. हळू आवाजात. म्हातारी माणसं बोलतात आपल्याशी, म्हणून जोतीरामनं लक्ष दिलं नाही. मोहोळच्या अलीकडं आबानं विचारलं, "जोत्या, यारू करीलिल्ला म्हंजी काय रं?"

जोतीरामचा पाय ब्रेकवर गेला. आबाला कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं. वैरागला कोण बोलतंय कानडी? जोतीरामला इथं राहून थोडं कळायला लागलं होतं.

"कुणी सांगितलं तुमाला ते?"

"म्हंजी काय त्ये सांग की."

"कुणी बोलावलं न्हाय, असा अर्थ हाय."

आबा उजवीकडं वळून, शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाला... "व्हय का? आसं करू नये पोरांनी. मी हाय की. घर आलं की दोघं संगंच उतरू."

जोतीरामनं आरशात बघितलं. आबा दिसला. आबाच्या शेजारी... अंधार होता. नुसता अंधार. पण आबाच्या बाजूचा अंधार काचेतून येणाऱ्या दिव्यांनी हलत होता. शेजारचा हलत नव्हता.

त्यानं आरसा वर फिरवून ठेवला. सोलापूर येईपर्यंत मागं बघितलं नाही.

बोळाच्या तोंडाला गाडी लावली तेव्हा लोकांची जेवणं चालली होती. घराघरांतून बाजरीच्या भाकरीचा, तिळाचा वास. जत्रेतला नगारा इथवर ऐकू येत होता. जोतीराम उतरला. आबानं पेटीचं कडं हातात धरलं, आणि थांबला. दार वीतभर सरकलं.

रेश्मा दारात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "आज आणायचं व्हतं व्हय? पोती कुटं हालवू मी आता? उद्या पहाटं माल जायचाय." तिचं तरी काय चुकलं? सकाळपासून चुलीसमोर होती ती. जोतीराम वळून गाडीकडं म्हणाला, "आबा, बसा जरा. आलोच."

बसा जरा.

आणि त्यानं रामहरीला फोन लावला. दोन दिवस ठेवून घे, जत्रा झाली की नेतो. तो म्हणाला, पाळी तुझी. हा म्हणाला, जागा नाही. तो म्हणाला, गाडी घ्यायला पैसा हाय आणि बापाला ठेवायला जागा न्हाय व्हय? ह्याचं डोकं फिरलं. तू काय सांभाळलंस, मी काय सांभाळलं, आईच्या वेळेला कोण आलं होतं, कोण नव्हतं. सगळं निघालं. बोळात येरझाऱ्या घालत, मोठमोठ्यानं. शेवटी म्हणाला, "सकाळी आणून सोडतो तुझ्या दारात. ठेव न्हायतर रस्त्यावर बसव." गाडी पंधरा पावलांवर. दार वीतभर उघडं. सगळं आत ऐकू जात होतं.

फोन ठेवला. रेश्मानं तेवढ्यात दोन पोती सरकवून अंथरूण घातलं होतं. ती माणूस वाईट नाही, मी तेच सांगतो सगळ्यांना. ती म्हणाली, बोलवा, पानं वाढलीत.

जोतीराम गाडीकडं गेला.

दार बंद होतं.

गाडी उभी आणि दार बंद, असं त्यानं त्या दिवसापर्यंत कधी बघितलं नव्हतं. त्यानं ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं... त्यानं मोबाईलची बॅटरी लावली. काचेतून बघितलं.

आबा ताठ बसला होता. डोळे मिटलेले.

"आबा..."

काही नाही.

"आबा, जेवायला चला."

नगारा थांबला होता.

"आबा... घर आलं. उतरा."

दार सरकलं. आपोआप. पूर्ण. एवढंसुद्धा कुरकुरलं नाही. जोतीरामनं आबाच्या हाताला हात लावला. हात... थंडीचा गार नव्हता तो.

मग त्याचं लक्ष पायांकडं गेलं.

आबा मांडी घालून बसला होता. दोन्ही पाय दुमडलेले. डावा पण.

मी तोवर तिथं पोचलो होतो. रेश्माचं ओरडणं ऐकून सगळा बोळ धावला, तसा मीही. मी बघितलंय हे. त्या म्हाताऱ्याचा गुडघा मी वर्षानुवर्षं काठीसारखा बघत आलो होतो. आणि अजून एक बघितलं. आबा माळकरी. कपाळाला बुक्का, दुसरं काही कधी लावलं नाही त्यानं. त्या रात्री कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. आपल्यात लावतात तसे, तीन बोटांनी, आडवे. ओले होते अजून. गाडीत विभूती नव्हती, पेटीत नव्हती. जोतीरामच्या घरात कधीच नव्हती.

रात्री रामहरी आला. गाडीशी उभा राहिला, बापाकडं बघितलं, आणि म्हणाला, "तुझ्या दारात गेला." जोतीराम म्हणाला, "तुझ्या घरातनं निघाला व्हता." एवढंच बोलले. एकमेकांकडं बघितलं नाही. मला अक्कलकोटकडची ती भिंत आठवली.

त्यांच्यात निजवून नेतात. पण पाय सरळ होईनात. तिरडीवर ठेवता येईना. सगळ्यांनी करून बघितलं. शेवटी मीच म्हटलं, बसवूनच न्या वैरागला, गाडीतच न्या. पडू नये म्हणून सीटला बांधायला काहीतरी हवं होतं. रेश्मानं आबाच्या पेटीतलं धोतर फाडून दिलं. मी पट्टी बांधली. छातीच्या उंचीवर. वैरागच्या लोकांनी मांडी घातलेला माणूस चितेवर पहिल्यांदा बघितला.

परत आल्यावर मी सीट बघितली. उजव्या बाजूचा खळगा गेला होता. फोम वर आला होता, नव्यासारखा. हात फिरवून बघितलं, सपाट. तो अप्पा उतरला होता. त्याला उतरवलं कुणी, तर सयाजीआबानं. ज्याला स्वतःला जितेपणी कुणी उतरा म्हटलं नाही, त्यानं दुसऱ्याला म्हटलं.

आणि खळगा आता डाव्या बाजूला होता.

तेव्हापासून जोतीराम रोज रात्री म्हणतो. रेश्मा पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते. त्यांनी खोल्या मोठ्या घेतल्या, एक खोली रिकामी ठेवलीय, तिथं ती पेटी आहे, उघडून ठेवलेली. कपडे फळीवर लावलेत. सगळं केलं. पण हाक वेळेवर मारायची असते रे. त्या वेळेला चार शब्द पुरले असते. आता रोज मारतोय, आयुष्यभर मारील...

म्हणून म्हणतो, गाडी मागायला जाऊ नका. बापाला सीटसकट विकायचं असतं का कुणाला? आणि तुम्ही दोघं भाऊ. तुमची आई सध्या कुणाकडं असते ते मला माहीत आहे. कुणाकडं किती दिवस, तेही.

थांबा.

गाडी आली बघा. बोलू नका. इंजिन बंद केलं... आता उतरेल. बश्या, कठड्यापाशी ये. वाकू नको, चांदणं आहे, नुसतं बघ. त्याच्या हातात काय आहे? रिकामे डबे ना? दोन्ही हातांत? नीट बघ. रेश्मा कुठं आहे? पायरीवर? तांब्या घेऊन? म्हणजे गाडीपाशी तो एकटाच.

"आबा... घर आलं. उतरा."

ऐका आता.

...

ऐकलंत? सरकलं ना?

श्रीमंत, तुझी नजर चांगली आहे. किती उघडलंय?

...

वीतभर. त्याच्यापुढं कधी जात नाही.